आभासी नाणे आणि अक्काच्या पाटल्या

२०२५ सालच्या गणेश चतुर्थीची गोष्ट. रामनगरला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी आम्ही सर्व भावंडे जमलो होतो. आरती आटोपली होती, स्वयंपाकघरात पातोळ्यांसाठी हळदीची पाने पुसण्याचे काम चालले होते आणि बेंगळुरूहून आलेला भाचा ओटीवर माझ्यापाशी येऊन बसला होता. तो संगणकाच्या क्षेत्रात चांगल्या पगारावर आहे. विचारी आहे, आईला दरमहा न चुकता पैसे पाठवितो. बोलता बोलता तो म्हणाला, "मामा, तुम्ही सांगितलेत तर आई ऐकेल. घरातले सोने आता मोडावे. सोन्याचे दिवस भरले."

त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला आहे, याहून चांगली वेळ येणार नाही. नव्या पिढीला दागिन्यांची हौस नाही. तिचा ओढा बिटकॉइनसारख्या आभासी चलनाकडे आहे. जगातला पैसा जसजसा तिकडे वळेल तसतसा सोन्याचा भाव उतरेल. तेव्हा आईच्या चार पाटल्या आणि बोरमाळ आज मोडून त्या पैशाचे बिटकॉइन घ्यावे. बहिणीच्या लग्नापर्यंत रक्कम दुप्पट झाली तर दागिने नवे करता येतील.

आत पाने पुसणारे हात क्षणभर थांबले एवढे मला दिसले. अक्का काही बोलली नाही.

त्या पाटल्यांविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमचे मूळ गाव सुपा. ज्याला आज जोयडा तालुका म्हणतात तो जुन्या कागदपत्रांत सुपा तालुका म्हणूनच आढळतो. काळी नदीवर गणेशगुडीपाशी १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि ऐंशीच्या दशकात आमचे सुपा पाण्याखाली गेले. बाजारपेठ, देऊळ, शाळा, परसातली फणसाची झाडे, सगळेच गेले. माणसे रामनगरला येऊन वसली. नुकसानभरपाईच्या पैशातून वडिलांनी घर बांधले आणि उरलेल्या रकमेत आईला चार पाटल्या केल्या. त्या वेळी दहा ग्रॅमचा भाव दोन हजारांच्या आत होता. बुडालेल्या जमिनीपैकी आमच्या घरात जे काही हाताने उचलता येईल असे शिल्लक आहे ते एवढेच. आईने जाताना त्या अक्काच्या हातात घातल्या आणि मेहुणे गेल्यापासून त्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. येत्या वैशाखात भाचीचे लग्न ठरत होते व त्या तिच्या हातात जायच्या होत्या.

मी भाच्याला तत्काळ उत्तर दिले नाही, त्याला एक कारण होते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतःच असा शहाणपणा करून बसलो आहे. १९९६ साली दहा ग्रॅमला पाच हजारांच्या वर गेलेले सोने २००० सालापर्यंत साडेचार हजारांच्या आत आले होते. सोने हे मेलेले भांडवल आहे असे मला एका परिचिताने पटविले, आणि पत्नीच्या दोन बांगड्या मोडून मी ते पैसे अठरा टक्के व्याज देणाऱ्या एका खाजगी फायनान्स कंपनीत ठेवले. व्याज सात महिने आले, मग कंपनीच्या दाराला कुलूप आले. पत्नीने आजवर त्याचा उल्लेख केलेला नाही, आणि तेच मला अधिक जाचते. म्हणून या खेपेस मत देण्यापूर्वी थोडा अभ्यास करावा असे ठरविले. "दिवाळीला सांगतो," असे मी भाच्याला म्हणालो.

आमच्या शाळेच्या गावात मोबाइलला रेंज मिळवायची तर चढणीवरच्या वाकड्या फणसाखाली जाऊन उभे राहावे लागते. त्या फणसाखाली उभा राहून, आणि बाकीचे बेळगावच्या ग्रंथालयात बसून, मी जे वाचले ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळ घरांतून हाच वाद आज चालला असेल अशी माझी खात्री आहे.

प्रथम बिटकॉइन म्हणजे काय ते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या कोणा अज्ञाताने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एका लहानशा निबंधात या चलनाची कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ते प्रत्यक्षात चालू झाले. कोणतेही सरकार वा बँक मध्ये नसताना दोन अपरिचित माणसांना संगणकावरून पैसा देता-घेता यावा, हा हेतू. सगळ्या व्यवहारांची एकच वही असते व तिच्या नकला जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. त्यामुळे एकट्याला खाडाखोड करता येत नाही. ही वही लिहिणाऱ्या संगणकांना मोबदल्यात नवी नाणी मिळतात. या उद्योगाला त्या मंडळींनी नाव दिले आहे 'खाणकाम'. मोबदला दर चार वर्षांनी निम्मा होतो आणि नाण्यांची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जाणार नाही असा नियम रचनेतच घातलेला आहे. सोने जसे जमिनीतून कष्टाने व थोडेथोडे निघते तसेच हे निघावे, ही कल्पना त्यामागे उघड दिसते. नक्कल सोन्याचीच केली आहे. मग नकलेने असलाचा भाव पाडला का, एवढाच प्रश्न उरतो.

येथे मला आपल्याच एका थोर पुरुषाच्या ग्रंथाची आठवण झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. बाबासाहेबांचे नाव आपण राज्यघटनेशी जोडतो. परंतु चलनशास्त्रात त्यांनी केन्ससारख्या पंडिताशी मतभेद मांडला होता, हे शिकल्यासवरल्या घरांतूनही फारसे ठाऊक नसते. सरकारच्या हाती हवे तितके रुपये पाडण्याची सत्ता राहिली तर रुपयाची खरेदीशक्ती घटते आणि ती झळ गरिबाला प्रथम लागते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. चलनाच्या पुरवठ्याला ठाम मर्यादा हवी असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. बिटकॉइनच्या निर्मात्याची तक्रार वेगळ्या शब्दांत हीच आहे. बाबासाहेबांना हे आभासी नाणे मान्य झाले असते असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्यांच्यापुढे साऱ्या देशाचे चलन होते, सट्ट्याचा जिन्नस नव्हता. परंतु भाच्याच्या पिढीला जो प्रश्न अगदी नवा वाटतो तो शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने खोलवर तपासला होता, एवढे त्याला सांगावेसे वाटले.

त्याच ग्रंथामुळे मला चांदीच्या इतिहासाकडे जावे लागले, आणि तेथे भाच्याच्या बाजूचा एक बळकट पुरावा हाती लागला. तो लपविणे बरे नव्हे.

१८९३ पूर्वी आपला रुपया खराखुरा चांदीचा होता. वजन एक तोळा. 'रुपयाभार' हा शब्द त्यातूनच आला. कोणीही चांदी घेऊन मुंबई वा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि थोडी पाडणावळ देऊन रुपये आणावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे घरातले वाळे-तोडे म्हणजे एका परीने रुपयेच होते. परंतु १८७० नंतर जर्मनीने आणि तिच्यामागून इतर देशांनी सोन्याचे नाणे स्वीकारले, चांदीला चलनातून काढले. शिवाय अमेरिकेतल्या खाणींतून चांदीचा लोट येऊ लागला. लंडनला १८७२ साली औंसामागे ६० पेन्स असलेली चांदी घसरत १८९३ मध्ये ४० पेन्सच्या खाली आली. तेव्हा २६ जून १८९३ रोजी सरकारने आपल्याकडील टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. दुसऱ्याच वर्षी भाव ३० पेन्सच्याही खाली उतरला. रुपया सरकारने हळूहळू सोळा पेन्सवर नेऊन ठेवला, पण त्यातली चांदी मोडीत दहा-अकरा आण्यांचीच राहिली. ज्या शेतकऱ्याच्या बायकोच्या पायात शंभर रुपयांची चांदी होती, तिच्या पायात ती न काढताच पाऊणशेच्याही आतली झाली. दुष्काळ पडल्यावर सावकाराच्या दारी गेले तेव्हा ते तिला कळले असेल.

तेव्हा नवे चलन जुन्या धातूचा भाव पाडू शकते, हे कबूल केले पाहिजे. मात्र भाव कशाने पडला ते नीट पाहावे. नवे काही तरी बाजारात आले एवढ्याने तो पडला नाही. राजेरजवाडे, बँका, टांकसाळी यांनी ज्या कामासाठी चांदी साठविली होती ते कामच तिच्याकडून काढून घेतले, म्हणून पडला. सोन्याच्या बाबतीत आज तसे घडते आहे काय?

घडते आहे ते उलट. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशांत ठेवलेली गंगाजळी गोठविली. परक्याच्या वहीत जमा असलेला पैसा एका सहीने आपला राहत नाही, हे त्या दिवशी साऱ्या जगाला दिसले. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी निरनिराळ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरसाल हजार टनांहून अधिक सोने विकत घेतले. जगातल्या खाणींतून वर्षाला निघते सुमारे ३,६०० टन. यावरून या खरेदीचा आकार लक्षात येईल. आपल्या रिझर्व्ह बँकेचा साठा मार्च २०२५ अखेर ८७९ टनांवर गेला होता. १९९१ साली परकीय चलन संपल्यामुळे याच देशाला सोने विमानाने परदेशी पाठवून गहाण टाकावे लागले होते, त्या दिवसांतली वृत्तपत्रे मला आठवतात. सोन्याचे काम त्याच्याकडून काढून घेणे दूरच, त्यावर नवे काम सोपविले गेले आहे.

आता भावांचा ताळा पाहू. भाच्याचा सिद्धांत खरा असेल तर बिटकॉइन चढले की सोने उतरावे आणि बिटकॉइन कोसळले की सोने चढावे. तराजूच्या पारड्यांसारखे. प्रत्यक्षात काय दिसते?

डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या उंबरठ्यावर गेले आणि वर्षभरात चार हजारांच्याही खाली आले. पाच हिश्श्यांतले चार हिस्से नाहीसे झाले. तेथून पळालेला पैसा सोन्यात यायला हवा होता. पण २०१८ साली डॉलरमधले सोने किंचित उतरलेलेच होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने बिटकॉइन दोन दिवसांत जवळजवळ निम्मे झाले, आणि त्याच पंधरवड्यात सोनेही चांगलेच पडले. घाबरलेल्या माणसाला रोकड हवी असते, तो दिसेल ते विकतो. पुढे व्याजाचे दर शून्याजवळ आले तशी दोन्ही चढू लागली. त्या ऑगस्टमध्ये सोन्याने औंसाला दोन हजार डॉलरची मर्यादा प्रथमच ओलांडली. २०२१ साली मात्र बिटकॉइन एकोणसत्तर हजारांपर्यंत चढले आणि सोने थोडे उतरले. भाच्याला हवे तसे हे एक वर्ष मिळते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्यापासून सव्वाचार टक्क्यांच्या वर नेला. त्यातच नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स नावाची आभासी चलनाची मोठी पेढी बुडाली. बिटकॉइनने वर्षभरात सुमारे दोनतृतीयांश किंमत गमावली, सोने वर्षाअखेर जवळजवळ होते तेथेच होते.

पारड्यांचा नियम यात कोठेच सापडत नाही. मला यातून दिसले ते असे की, दोन्ही नावा एकाच खाडीत आहेत. व्याजदर, डॉलरची पत आणि सरकारांवरचा अविश्वास हे वारे दोघींनाही लागतात. पण एका नावेच्या तळाशी भार आहे आणि दुसरी नुसती शिडावर चालते. मंद वाऱ्यात दोन्ही बरोबरीने जाताना दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटते की एक दुसरीला ओढते आहे.

आकाराचाही विचार केला पाहिजे. मनुष्याने आजवर जमिनीतून काढलेले सोने दोन लाख टनांहून जास्त आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमधल्या भावाने त्याची किंमत सत्तावीस लाख कोटी डॉलरच्या आसपास येते. त्याच सुमारास सगळी बिटकॉइन मिळून दोन लाख कोटींच्या घरात होती. भारतातल्या घरांघरांतून, देवळांतून असलेले सोनेच पंचवीस हजार टनांच्या घरात असावे असा जाणकारांचा अंदाज आहे. ओढ्याने नदीचे पाणी गढूळ करावे, हे होते. ओढ्याने नदीला वळवावे, हे अवघड. चांदीचा बाजार त्या मानाने लहान. तरी तिच्या भावावरही आभासी चलनापेक्षा सौर विजेच्या पट्ट्यांचा आणि आपल्या सणांचा परिणाम अधिक दिसतो. २०२५ च्या दिवाळीत भारतातून चांदीला एवढी मागणी झाली की लंडनच्या बाजारात तिची टंचाई पडली.

एक ठिकाण मात्र असे आहे, जेथे आभासी चलनाचा सोन्याशी प्रत्यक्ष संबंध येतो, आणि तो मोठा मौजेचा आहे. डॉलरला बांधलेली काही आभासी नाणी असतात. त्यांतले सर्वांत मोठे टेदर कंपनीचे. लोकांकडून घेतलेले डॉलर ती कंपनी मुख्यतः अमेरिकन सरकारच्या रोख्यांत ठेवते, आणि काही भागाचे सोने घेते. सप्टेंबर २०२५ अखेरच्या तिच्या हिशेबात सुमारे १,२९० कोटी डॉलरचे सोने होते. वजनात ते शंभर टनांच्या घरात जाते. लहानसहान देशांच्या तिजोरीत एवढे नसते. शिवाय एका नाण्यामागे तिजोरीत एक औंस सोने, अशी सोन्याची पावती असलेली आभासी नाणीही २०१९-२० पासून निघाली आहेत. म्हणजे सोन्याला घरी बसविण्यासाठी निघालेले लोक आपली पत राखण्यासाठी सोनेच साठवीत आहेत! आभासी चलनाचा सोन्याच्या भावावर निश्चित दाखविता येईल असा परिणाम कोणता, असे विचाराल तर तो हा. आणि तो भाव चढविणारा आहे. अर्थात या कंपनीवर उद्या अरिष्ट आले आणि ते सोने एकदम विक्रीला निघाले, तर काही दिवस भाव हलेल.

आपल्या सराफाच्या फळ्यावरचा भाव कसा ठरतो तेही एकदा पाटीवर मांडून पाहावे. मी ते सातवीच्या मुलांकडून करवून घेतले. ऑक्टोबर २०२५ मधले आकडे धरू. औंसाला ४,००० डॉलर. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. दहा ग्रॅमचे झाले १,२८६ डॉलर. डॉलरला ८८ रुपये धरता १ लाख १३ हजार. त्यावर आयातशुल्क ६ टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. त्यावर ३ टक्के जीएसटी, एकूण १ लाख २३ हजार ५०० च्या आसपास. आता डॉलर एका रुपयाने महागला, तर लंडनला सोने तसूभर न हलताही आपल्याकडे दहा ग्रॅममागे चौदाशे रुपये वाढतात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणले, तेव्हा एका दिवसात भाव हजारोंनी उतरला. दिल्लीतल्या एका ओळीने जे केले ते बिटकॉइनच्या सोळा वर्षांना जमलेले नाही.

हुबळीला काही कामानिमित्त गेलो असता एका गलाई दुकानात बसण्याचा योग आला. आपल्या वाचकांना ही मंडळी परिचित असतील. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून, विट्याच्या आसपासच्या गावांतून निघून ती काश्मीरपासून केरळपर्यंत पसरली आहेत. (हे खानापूर आमच्या शेजारचे बेळगाव जिल्ह्यातले नव्हे, पत्रे नेहमी चुकतात.) जुने दागिने मुशीत आटवून त्यातले चोख सोने वेगळे करणे हा त्यांचा पिढीजात झालेला धंदा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची ओळख पुष्कळ गावांत याच दुकानांनी राखली आहे. दुकानदाराला मी विचारले, बिटकॉइन चढले म्हणून कोणी सोने आटवायला आणते का? तो हसला. म्हणाला, "गुरुजी, सोने भाव चढल्यावर येते, घरात दवाखाना निघाल्यावर येते, आणि पोरगी द्यायची झाली की जुने जाऊन नवे व्हायला येते. बिटकॉइन घ्यायला म्हणून एक पोरगा आला होता मागे. आईला न सांगता." त्या मुलाचे पुढे काय झाले, ते त्याला ठाऊक नव्हते.

कायद्याची बाजूही पाहून घेतली. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसविला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. कर आकारला म्हणजे चलन म्हणून मान्यता दिली असे नव्हे. आणि फसवणूक? ती नाण्याच्या नावावर होते. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या 'गेनबिटकॉइन' प्रकरणात २०१८ साली पुणे पोलिसांनी अटका केल्या. पुढे तपास सीबीआयकडे गेला. माझ्या फायनान्स कंपनीचे आणि या योजनेचे गोत्र एकच. बिटकॉइनचा त्यात दोष कमी, दहा टक्क्यांना भुलणाऱ्या माझ्यासारख्यांचा अधिक.

दिवाळी आली. मधल्या काळात बरेच घडले होते. ६ ऑक्टोबरच्या सुमारास बिटकॉइन एक लाख सव्वीस हजार डॉलरवर गेले होते. भाच्याचा मला संदेश आला, "पाहिलेत ना?" मी तो फणसाखाली उभा राहून वाचला. १० तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनवर आणखी शंभर टक्के जकात लावण्याची घोषणा केली आणि रातोरात आभासी चलनाच्या बाजारातले, उसनवारीवर उभे असलेले सुमारे एकोणीस अब्ज डॉलरचे सौदे मोडून पडले. सोने त्याच आठवड्यात चार हजार डॉलर ओलांडून गेले होते आणि पुढे चढतच राहिले. भाचा दिवाळीला आला तेव्हा मी थोडा जिंकल्याच्या थाटात होतो, हे कबूल करतो. पण २१ ऑक्टोबरला सोनेच एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक उतरले. भाच्याने फोन पुढे केला. "मामा, हे बघा. तुमचेही पडते."

पडतेच. १९८० च्या जानेवारीत औंसाला साडेआठशे डॉलरला सोने घेणाऱ्याला ती किंमत पुन्हा दिसायला २००८ साल उजाडावे लागले होते. सोने नेहमी चढते असे जे सराफाच्या कट्ट्यावर सांगतात, त्यांना हे अठ्ठावीस वर्षांचे अंतर विचारावे. मी भाच्याला तसे प्रामाणिकपणे सांगितले. "तुझा कयास की बिटकॉइन सोन्याचा भाव पाडील, त्याला पुरावा नाही. पण उद्या सोने पडणार नाही अशी हमी मी देत नाही. ते पडले तर व्याजाने, डॉलरने, दिल्लीच्या शुल्काने पडेल. तुझ्या पगारातून तुला बिटकॉइन घ्यायचे असेल तर घे, बुडाले तरी जेवण चुकणार नाही एवढेच घे. आईच्या पाटल्यांचा त्यात संबंध आणू नकोस."

तो म्हणाला, "मामा, हा अर्थशास्त्राचा सल्ला झाला की भावनेचा?"

मी विचारात पडलो. खरे म्हणजे दोन्हीचा होता. आणि त्यातले कोणते किती हे मला सांगता आले नाही.

उत्तर अक्कानेच दिले. ती म्हणाली, "तुझे बाबा आजारी पडले त्या रात्री काय झाले ते तुला ठाऊक नाही. तू परीक्षेला होतास. दोन पाटल्या बँकेत ठेवल्या आणि दुपारपर्यंत पैसे हातात आले. मॅनेजरने भाव विचारला नाही की माझी सही कोणत्या भाषेत म्हणून विचारले नाही. काट्यावर ठेवल्या, घासून पाहिल्या. सोडवायला मला चौदा महिने लागले. तुझे ते नाणे त्या रात्री कोणाकडे नेले असते मी?"

भाच्याला हे खरोखरच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. चौदा महिने बहीण व्याज भरीत होती आणि रामनगरपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या भावाला तिने ते कळू दिले नव्हते; बहुधा माझ्या बांगड्यांची गोष्ट तिला माहीत होती म्हणून.

२०२५ साल संपले तेव्हा बिटकॉइन वर्षारंभीच्या किमतीच्याही थोडे खाली होते. सोने वर्षभरात साठ टक्क्यांहून अधिक वाढले होते आणि चांदी दुपटीच्या वर गेली होती. पुढच्या वर्षी हे चित्र उलटेही होईल. भाचा दरमहा आपल्या पगारातले दोन हजार बिटकॉइनमध्ये घालतो. मला त्याने ते स्वतःहून सांगितले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बँकेत गेलो. भाचीला माप पाहायचे होते म्हणून पाटल्या काढल्या होत्या, त्या परत ठेवायच्या होत्या. लॉकर बंद करण्यापूर्वी अक्का मला म्हणाली, वजनाची यादी करून दे, तुझे अक्षर चांगले आहे. शाळेच्या एका कोऱ्या वहीत मी ती लिहिली: पाटल्या चार, बोरमाळ एक, मंगळसूत्राच्या वाट्या दोन, आणि आजीच्या आजीचा म्हणून जपलेला चांदीचा एक वाळा. वाळ्यापुढे भावाचा रकाना होता. तो कोरा ठेवून भाच्याने खाली तारीख घातली आणि आम्ही तिघांनी सह्या केल्या.